तारेच्या टोकाची वीज

ते १९६८ साल. आमचं घर विजेच्या तारेच्या शेवटच्या खांबापाशी. वीज आमच्यापर्यंत येईतो दमून जायची. आत्या म्हणायची, "दिवा लागलाय का, हे काडी ओढून बघावं लागतं." म्हणून आमच्या गल्लीत सगळे विजेच्या कमी दाबावर चालणारेच दिवे आणत. आत्याची अंडी उबवायची पेटीही दादाने त्या अशक्त विजेच्या बेतानेच बांधली होती. पिल्लं विकून तिचं भागे.

मग दादाने ओढ्यावर पाण्याच्या चाकाने चालणारं लहानसं वीजघर उभारलं आणि त्याची वीज आमच्याच तारेत सोडली. त्या रात्री दिवे लख्ख लागले. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, भिंतींना एवढी जळमटं होती?" पण आठवडा सरायच्या आत दिवे फटाफट फुटू लागले. लोक दादाच्या नावाने बोटं मोडू लागले.

"वीज आता हवी तेवढीच आहे," दादा म्हणाला. "आपण कमीची सवय लावून घेतली होती."

"ज्ञान राहू दे. माझी पेटी भट्टी झालीय. अंड्यांतून पिल्लं निघायला आलीत. चाक बंद कर."

"आत्या, आज वीज मंडळाची तपासणी आहे. चाक बंद दिसलं तर परवानगी गेलीच."

आत्या पेटीजवळ स्टूल ओढून बसली. तापमापीतला पारा वर सरकला की बटण बंद, उतरला की चालू. जेवणही तिथेच.

दुपारी वीज मंडळाचे साहेब आले. "काय चाललंय, बाई?"

"भाच्याच्या विजेला लगाम घालतेय."

साहेब हसले, मग गंभीर झाले. "तुमच्यासाठी गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर दाब मुद्दाम चढता ठेवलाय. त्यात ही भर. तो उतरवता येईल, पण उन्हाळ्यात ओढा आटला की तुम्ही पुन्हा अंधारात."

"उन्हाळ्यात मी अंडी लावतच नाही," आत्या म्हणाली.

परवानगी मिळाली. दर पावसाळ्यात दाब उतरवायचा, उन्हाळ्यात चढवायचा, असं ठरलं.

बरीचशी पिल्लं निघाली. दादाने पेटी नव्याने बांधली, तरी आत्या शेवटपर्यंत बटणापाशीच बसे. साहेबांची बदली झाली. नव्यांना ऋतूचं भान नव्हतं, दिवे पुन्हा फुटले. ओढ्याचं पाणी वळवलं तेव्हा दादाचं चाक थांबलं. पुढे लोकांचे पंप दुरुस्त करत तो म्हातारा झाला आणि गेला.

माझ्या घरी आता वीज एकसारखी असते. दिवा लावला की मी मात्र आधी भिंतीकडे बघते.