एकोणीस म्हटलं की गप्प

मी एक जुना संकेत आहे. रेडिओवरचा. माझा आकडा एकोणीस. मित्रांनो, मला हातपाय नाहीत, वजन नाही. कुणीतरी मला उच्चारतं तेवढ्यापुरता मी असतो. सध्या मला कुणी उच्चारत नाही, आणि उच्चारलंच तर भलत्याच कारणासाठी. तेव्हा माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर तो गोड मानून घ्या. नसेल घ्यायचा तर नका घेऊ, मी काही आर्जवं करणार नाही.

माझं गाव नोर्डरहाफन. ते नकाशात शोधू नका, ते फक्त कॉम्प्युटरवर आहे. हॉलंडच्या उत्तरेकडची माणसं संध्याकाळची जेवणं आटोपून आपापल्या घरी हेडफोन चढवतात आणि त्या गावात चोर-पोलीस खेळतात. चांगली मोठी माणसं बरं का, नोकरीधंद्याची, पोराबाळांची. हसायचं असेल तर हसून घ्या. त्यांच्या पोलिसांना गणवेश आहे, गाड्या आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच रेडिओ आहे. कळ दाबून धरली की बोलता येतं. दोघांनी एकदम दाबली की नुसती खरखर होते आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. म्हणून तिथे संकेत लागतात. चार म्हणजे पोचलो. नऊ म्हणजे मदत पाठवा. बारा म्हणजे घरात कुणीतरी हाक मारतंय, जरा उठतो. सगळ्यात जास्त वापर बाराचाच व्हायचा.

मला घडवलं फेन्नाने. फेन्ना डेल्फझाइलला शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी आमच्या गावात कंट्रोलच्या खुर्चीत बसायची. कोणती गाडी कुठे पाठवायची, कुणी बोलायचं, कुणी थांबायचं, सगळं तिच्या हातात. तोंडात सतत खारट ज्येष्ठमधाची गोळी, आणि जीभ तिच्याहून खारट.

तेव्हा जोरिट नवा होता. फेंडामच्या बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात तो पोती रचायचा. बोलताना अडखळायचा. शब्द ओठांवर यायचा आणि तिथेच रुतून बसायचा. एकदा चोरलेली गाडी मासळीबाजाराकडे वळताना फक्त त्यालाच दिसली. त्याने कळ दाबली, 'मासळी'च्या 'मा'वरच अडकला आणि गोंधळून कळ सोडली.

"काय रे, इंटरनेट अडकलंय की जीभ?" एकाने मध्येच कळ दाबली.

"पोस्टकार्ड टाक, पोस्टकार्ड! उद्या मिळेल आम्हाला," दुसरा खिदळला.

मग सगळेच खिदळले, खरखर झाली, गाडी निसटली. जोरिटने हेडफोन काढून ठेवला आणि परत आलाच नाही. शेवटी फेन्नाने त्याच्या घरी फोन लावला.

"कधी येतोयस?"

"लि... लिहून कळवत जाईन."

"एका हाताने गाडी चालवणार आणि दुसऱ्या हाताने निबंध लिहिणार? वेडा आहेस का पोरा? तुला बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. गप्प बसायला त्यांनी शिकायचंय."

आणि त्याच आठवड्यात माझा जन्म झाला. एकोणीस म्हणजे, हा माणूस बोलतोय. तो 'संपलं' म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी कळ दाबायची नाही. हुकूम कंट्रोलचा आणि तो सगळ्यांना लागू. फेन्नाने जोरिटचं नाव मुद्दामच घेतलं नाही. "ज्याला पटत नसेल त्याने अग्निशमन दलात जावं," ती म्हणाली, "तिकडे दिवसभर भोंगा वाजवायला मिळतो."

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस. पहिल्यांदाच रेडिओवर आलेल्या आणि घशाला कोरड पडलेल्या पोरीसाठी फेन्ना मला बोलवायची. मांडीवर रडकं बाळ घेऊन गस्त घालणाऱ्या बाईसाठी बोलवायची. खेड्यातल्या तुटक्या लाइनवरून बोलणाऱ्या एका म्हाताऱ्यासाठी तर रोजच. आणि जोरिटसाठी. त्याला आपलं वाक्य पुरं करायला मिळतंय म्हटल्यावर लक्षात आलं, की या माणसाला गावातला बोळ न बोळ पाठ आहे. बोलायचा कमी, बघायचा फार. तो काय सांगतो याकडे हळूहळू सगळे कान लावून बसायला लागले. दुसऱ्या गावांचे कंट्रोलवाले येऊन मला मागून न्यायचे. मी शेफारलो होतो, हे कबूल करतो.

मग हेसेल चीफ झाला. त्याचं नाव घेतानाही माझ्या तोंडाची चव जाते. हा गृहस्थ असेनला तयार स्वयंपाकघरं विकतो. बोलून बोलून लोकांच्या गळ्यात मारतो म्हणा ना. चीफच्या निवडणुकीतही त्याने तेच केलं. त्याला सगळं खऱ्यासारखं हवं होतं. खऱ्यासारखे सलाम, खऱ्यासारखे अहवाल, खऱ्यासारखा दरारा.

"एकोणीस काढून टाका," तो पहिल्याच बैठकीत म्हणाला. "खऱ्या पोलिसांत असले लाड असतात का?"

"खऱ्या पोलिसांत ओटे आणि कपाटं विकणारा चीफ तरी असतो का, हेसेल?" फेन्ना म्हणाली.

लोक इतके हसले की मी वाचलो. पण हेसेल अपमान गिळणारा नव्हता. मला काढता येत नाही म्हटल्यावर त्याने मला वापरायला काढलं. "एकोणीस. चीफ बोलतायत," असं फर्मान सोडायचा आणि मग स्वतःची टिमकी वाजवत बसायचा. त्याच्याशी वाद घालू पाहणाऱ्याच्या तोंडावर मला आपटायचा. वर नियमही कडक केला: एकोणीस चालू असताना कुणीही कळ दाबली, तर तो आठवडाभर गावाबाहेर. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी माझा जन्म, आणि मला राबवून घेत होता हा बडबड्या. माझा इतका संताप व्हायचा की विचारू नका.

पुढच्या हिवाळ्यात फेन्नाच्या बसच्या वेळा बदलल्या. संध्याकाळी घरी बसणं तिला जमेना. तिने खुर्ची सोडायचं ठरवलं आणि जोरिटचं नाव सुचवलं. जोरिटने पिठाचा कारखाना धरला होता तो अशासाठी, की तिथल्या यंत्रांच्या आवाजात कुणाशी बोलावंच लागत नाही. अशा माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच बोलण्याचं काम हवंसं वाटलं होतं. ती खुर्ची त्याला किती हवी होती, हे मी जाणतो. रिकाम्या खोलीत तो एकटा बसून सराव करायचा. मला शंभरदा उच्चारायचा आणि पन्नासदा माझ्यावरच अडकायचा.

हेसेलला तिथे विबो हवा होता. विबो म्हणजे हेसेलचं हसरं शेपूट. तो काहीही बोलला की हा आधी हसणार. परीक्षा घ्यायची ठरली. एका रविवारी दुपारी सराफाच्या दुकानावर खोटा दरोडा पडेल, चोर दोन गाड्यांतून पळतील, जोरिट कंट्रोलवर बसून त्यांना पकडवेल. हेसेलने विबोला बाजूला घेऊन बजावलं होतं, "मध्ये मध्ये कळ दाबत राहा. एकदा तापला की आपोआप अडकेल." हे विबोनेच पुढे मोठी मर्दुमकी केल्यासारखं सगळ्यांना सांगितलं.

परीक्षा सुरू झाली. जोरिट तोंड उघडायचा आणि खर्र. पुन्हा उघडायचा, पुन्हा खर्र. पुलाचं नाव लांबलचक होतं, त्यावर तो रुतलाच. मग त्याने पुलाचं नावच टाकून दिलं. "सात, डावीकडे. तीन, पूल अडवा. पाच, मा... मागून." शब्द थोडे, पण नेमके. त्या त्या नंबरच्या गाड्या त्याच्या सांगण्यावरून वळत गेल्या. एक चोर पुलावर सापडला, दुसरा कालव्याच्या दाराशी. कुणीतरी शीळ घातली.

तेवढ्यात हेसेलचा आवाज आला. "बस झालं. नापास."

"का?" पाच नंबरच्या गाडीतल्या बाईने विचारलं.

"का म्हणजे? याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत चोर बेल्जियमला पोचून बटाटे तळून खाईल! हे पोलीस ठाणं आहे, दवाखाना नाही."

विबो हसला. आणखी दोघेतिघे हसले.

मित्रांनो, मला वाटलं, आता जोरिट मला स्वतःसाठी बोलावेल आणि या माणसाची सालटी काढेल. तो कंट्रोलवर होता, हुकूम त्याचा होता. मी तर दात-ओठ खात तयारच होतो. जोरिटने कळ दाबली.

"ए... एकोणीस," तो म्हणाला. "चीफ बोलतायत. बाकी कुणी क... कळ दाबायची नाही. चीफ, मी या खुर्चीत का नको, ते पूर्ण सांगा. आम्ही ऐकतोय."

रेडिओ गप्प झाला. हेसेलने आजवर मला शेकडो वेळा वापरलं होतं, पण स्वतःहून, भाषण तयार ठेवून. अशी समोरून आलेली शांतता त्याला ठाऊक नव्हती.

"म्हणजे..." तो म्हणाला. "वेळ. वेळेचा प्रश्न आहे." थांबला. एरवी इथे विबो हसला असता आणि गाडी पुढे गेली असती. पण विबोचं बोट कळेवर जायला धजेना. आठवडाभराची हकालपट्टी हेसेलनेच ठरवून ठेवली होती. "चोर पकडले, ते पकडले. ते मी नाही म्हणत नाही. पण एकूण... म्हणजे शिस्त... लोक काय म्हणतील, की..." त्याचं त-त-प-प सुरू झालं. कुणी वाक्य पुरं करायला आलं नाही. कुणी टोकलंही नाही.

"मला तुझा आवाज ऐकवत नाही," तो शेवटी म्हणाला. "कानाला त्रास होतो. झालं समाधान?"

हे सगळ्यांनी ऐकलं. 'संपलं' न म्हणताच तो रेडिओ बंद करून निघून गेला. मग कंट्रोलवरून जोरिटनेच एकोणीस संपल्याचं सांगून रेडिओ मोकळा केला आणि पुढच्या गाडीला विचारलं, "सात, तु... तुमची जागा सांगा." परीक्षा अजून चालू असल्यासारखं.

तुम्हाला वाटेल, खुर्ची त्याला मिळाली. नाही मिळाली. चीफ शेवटी चीफच असतो. संध्याकाळी फलकावर निकाल लागला: जोरिट नापास, विबो कंट्रोलवर, एकोणीस रद्द. फेन्नाने हेसेलला जे ऐकवलं ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. माझा आकडा रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून त्यांनी तो चुकीच्या जागी लावलेल्या सायकलींना देऊन टाकला. मी सायकलींच्या कामाला लागलो, मित्रांनो. थुंकावंसं वाटतं.

एवढं होऊनही जोरिट गस्तीवर येतच राहिला. काही दिवसांनी त्याला गोदीवर आग दिसली. त्याने कळ दाबली. "कंट्रोल, गो... गो..." आणि रुतला, कळही सुटली. त्याच्यासाठी मला बोलावणारं आता कुणी नव्हतं. मी सायकलींच्या ढिगात पडून ऐकत होतो आणि पुढची खरखर कधी येते याची वाट बघत होतो.

"कोण आहे ते? पटकन बोल!" विबो ओरडला.

"रेडिओ मोकळा करा!" हेसेल ओरडला.

दुसऱ्या कुणीही कळ दाबली नाही. सात नाही, तीन नाही, पाच नाही. पोस्टकार्ड टाकायला सांगणारा होता ना, तोही गप्प होता. हेसेलने पुन्हा ओरडून पाहिलं.

"...गोदी," जोरिट पुन्हा कळ दाबून म्हणाला. "आग. उत्तरेचं फाटक. संपलं."

"ऐकलं, जोरिट," पाच म्हणाली. "निघाले."

"ऐकलं, जोरिट. आलोच," सात म्हणाला.

कंट्रोलला त्यांनी विचारलंच नाही. मला त्या दिवशी कुणीही उच्चारलं नव्हतं.

हेसेल अजून चीफ आहे. त्याला अजून वाटतं, त्याने मला संपवलं. वाटू दे. तुम्हाला मात्र माझं एक सांगणं आहे, आणि ते मी विनवणी म्हणून सांगत नाही, बजावून सांगतोय. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कुणी बोलताना अडखळलं, तर हसू नका आणि त्याचं वाक्य पुरं करायलाही धावू नका. त्याला काय म्हणायचंय ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. हात कळेवरून काढा आणि थांबा.