घड्याळजींची तक्रार

पत्र्याचा कारखाना बंद पडून चौदा महिने झाले होते, आणि नियम बारा महिन्यांचा होता.

कारखाना म्हणजे घराखालची एक लांबट खोली. नरसाळी, बादल्या, पिंपं इथून बाजारात जायची. पुढे नगरपालिकेने नकाशात सगळी गल्ली राहण्यासाठी म्हणून पिवळी रंगवली. जुन्या कारखान्यांना तेवढी सवलत दिली, की चालू आहे तोवर चालवा, पण सलग बारा महिने बंद राहिला तर परवाना कायमचा गेला. नियम करणाऱ्यांच्या घरी कधी कोणी आजारी पडत नसावं.

नवऱ्याने अंथरूण धरलं तेव्हा कारखान्याच्या मालकिणीने शटर ओढून घेतलं. त्याची उस्तवार करता करता दिवस कुठे गेले, कळलं नाही. तो जाऊनही पाच महिने झाले. पंचवीस वर्षं त्याच्या बरोबरीने पत्रा ठोकलेली बाई आता दुसरं काय करणार होती? म्हणून ती परवाना विभागात येऊन बसली होती.

"मधे एखादा दिवस तरी काम झालं असेल ना?" अधिकाऱ्याने विचारलं. माणूस वाईट नव्हता.

"नाही झालं," ती म्हणाली. हो म्हणणं सोपं होतं, पण त्याच्या आजारपणाबद्दल खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडून फाईल चाळायला घेतली. फाईल फुगली होती ती शेजारच्या घड्याळजींच्या तक्रारींनी. दोघांची भिंत एकच. इकडे हातोडा पडला की तिकडे त्यांच्या चिमट्यातला स्क्रू उडायचा. वीस वर्षं दोन्ही घरांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. आता हा गृहस्थही जखमेवर मीठ चोळणार, असं तिला वाटलं.

"ही शेवटची बघा," अधिकारी वाचू लागला. "'आज दुपारी दोन वाजून सात मिनिटांपासून दोन वाजून एकतीस मिनिटांपर्यंत शेजारी पत्रा ठोकण्याचं काम चालू होतं.' सात महिन्यांपूर्वीची आहे. आमचा शिक्काही आहे. म्हणजे बाई, सलग बारा महिने झालेच नाहीत. परवाना राहतो."

तिने तारीख पुन्हा विचारली. त्या दिवशी ती रिपोर्ट आणायला गेली होती. परत आली तर नवऱ्याचा अंगठा कापलेला. पेला फुटला म्हणाला. मी येईपर्यंत पाण्यासाठी थांबायला काय झालं होतं, म्हणून तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं.

ती तडक घड्याळजींकडे गेली. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"त्या दिवशी ठोकत कोण होतं?"

घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं. "मी भांडायलाच आलो होतो. तुमचे मालक स्टुलावर बसलेले. चार ठोके मारायचे, थांबायचे, भिंतीला डोकं टेकायचे. मला बघून म्हणाले, बरं झालं आलात. आता तक्रार लिहा. तारीख, वेळ नीट घाला, आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका."

"आणि तुम्ही लिहिलीत?"

"नसती लिहिली तर कारखाना आपोआप बंद झाला असता. वीस वर्षं मी दुसरं काय मागत होतो?" ते भिंग पुसू लागले. "ते म्हणाले, तिला दुसरं काही येत नाही हो. पण तिला सांगू नका. खाली उतरलो म्हणून रागावेल."

ती घरी आली. तो गेल्यापासून तिचा पाय खाली वळला नव्हता. आता तिने आतल्या जिन्याने उतरून दिवा लावला. ऐरणीवर एक नरसाळं पडलं होतं. एका बाजूची शिवण बसवलेली होती, दुसरी उघडीच होती. पत्र्याच्या धारेवर रक्ताचा काळा पडलेला डाग होता. ती स्टुलावर बसली आणि त्याच्यावर ओरडल्याचं आठवून पोटभर रडली.

मग तिने उठून शटर वर केलं, त्याचा हातोडा घेतला आणि उघडी शिवण दाबायला सुरुवात केली. तिसऱ्या ठोक्याला पलीकडची खिडकी नेहमीसारखी धाडकन बंद झाली. तिने डोळे पुसले आणि चौथा ठोका घातला.