गप्प केलेलं चाक

शंतनु आणि सिद्धी दुकानात शिरले ते भांडतच. भांडण जुनंच होतं, सिद्धीच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या आवाजाचं.

"अण्णा, आता तुम्हीच सांगा," शंतनु म्हणाला. "इतका भारी हब आहे. उतारावर टर्रर्र वाजत सुटला की अंगावर काटा येतो. आणि हिला तो बंद करायचाय."

"माझ्या डोक्यात जातो तो," सिद्धी म्हणाली. "पॅडल मारायचं थांबवलं की सुरू. आठवडाभर कॉलवर लोकांची बडबड ऐकायची आणि रविवारी टेकडीवर जाऊन ही? परवा वाटेत मोर होता, अण्णा. मला दिसायच्या आत माझ्याच चाकाने त्याला पळवून लावलं."

"अगं, पण पुढे चालणाऱ्यांना कळतं ना, मागून कोणीतरी येतंय ते."

"मग तुझा वाजू दे की! मी फक्त माझ्या सायकलबद्दल बोलतेय."

अण्णा हसले. दोघंही तिशीतली, पुण्याहून नोकरीसाठी आलेली, बंगळुरातल्या येलहंक्याच्या नव्या वस्तीतल्या एका मोठ्या सोसायटीत राहणारी. दोन वर्षांपूर्वी सिद्धी पहिल्यांदा पंक्चर घेऊन आली तेव्हा हिंदीत बोलली होती आणि अण्णांनी मराठीत उत्तर दिलं होतं. त्यांच्या मराठीत मध्येच कन्नडमधलं 'स्वल्प' (थोडं) नि 'सरी' (बरं) यायचं, आणि तिला ते लेकीला म्हणावं तसं 'अम्मा' म्हणत. तिला ते इतकं आवडलं की नंतर किरकोळ काम असलं तरी ती इथेच येई, आणि आत जाऊन अण्णांच्या बायकोच्या, वसुमतीकाकूंच्या हातची कॉफी घेतल्याशिवाय निघत नसे.

अण्णांचं नाव हयवदन. घराणं कुठल्या पिढीत या मुलखात आलं ते घरात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी घड्याळाच्या कारखान्यात काढली होती. तो बंद पडल्यावर जुन्या येलहंक्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी सायकली दुरुस्त करायला घेतल्या. नंदीच्या डोंगराकडे जाणारे सायकलवाले तिथूनच जात. हळूहळू त्यांच्यात बोलबाला झाला, की म्हाताऱ्याचा कान जबरदस्त आहे. चाक हवेत धरून फिरवायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि काय बिघडलंय ते सांगायचं. सांगितलेलं कधी चुकत नसे.

मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, तो आवाज म्हणजे तरी काय? आत चार छोटे खटके असतात. पॅडल दाबलं की ते दातेरी कडीत अडकतात आणि चाकाला पुढे ढकलतात. पॅडल थांबलं की तेच खटके दातांवरून टकटक उड्या मारत जातात. चारही नीट चालत असले तर आवाज एकसारखा येतो. एक जरी अडला तरी तो लंगडतो. अण्णा गिऱ्हाइकांना म्हणायचे, "ओरडतोय तोवर काळजी नाही. बोलणं बदललं की माझ्याकडे आणा."

पण गेले आठ महिने अण्णांना तो आवाज ऐकूच येत नव्हता.

आधी फोनची रिंग गेली, मग अंगणातल्या पाखरांची किलबिल. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं, वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत, यंत्र लावून घ्या. अण्णांनी तो कागद घडी करून हत्यारांच्या खणात सर्वांत खाली ठेवला. बायकोला म्हणाले, "वयाप्रमाणे आहे म्हणाले." माणसांचं बोलणं समोरासमोर कळत होतं. चाकांचं ते हाताने चाचपून, अंदाजाने निभावत होते. गिऱ्हाईक समोर असलं की डोळे मिटून ऐकल्यासारखंही करत.

म्हणून सिद्धी 'आवाज बंद करा' म्हणाली तेव्हा त्यांना बरं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच असं काम आलं होतं, ज्यात काही ऐकू न येणं हेच बरोबर होतं.

"होतं की," ते म्हणाले. "आत दाट ग्रीस भरलं की गप्प बसेल. स्वल्प वेळ लागेल. आत जा, कॉफी घ्या."

त्यांनी हब उघडला, जुनं तेल पुसून काढलं आणि ग्रीस भरलं. त्याचा पातळ थर पुरतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पातळ थराने आवाज दबतो आणि खटके मोकळे राहतात. जास्त झालं तर खटके त्यातच रुतून बसतात. पण किती दबला हे कळायला कान लागतो. त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि सिद्धीला आतून बाहेर बोलावलं.

"अजून थोडा येतोय, अण्णा."

त्यांनी पुन्हा उघडून आणखी ग्रीस भरलं.

"अजून अगदी बारीक येतोय."

त्यांनी तिसऱ्यांदा भरलं. या खेपेला चाक फिरलं आणि सिद्धीने टाळ्या वाजवल्या. "एकदम गप्प! शंतनु, बघ!"

"मेलंय ते," शंतनु तोंड वाकडं करून म्हणाला.

अण्णांनी हाताने पॅडल पुढेमागे करून पाहिलं. पकड होती. दुपारचं ऊन दुकानात आलेलं होतं, ग्रीस मऊ होतं. कारखान्यात असते तर त्यांनी एकेक खटका वेगळा तपासल्याशिवाय वस्तू टेबलावरून हलू दिली नसती. ती दोघं हेल्मेट घालून उभी होती. अण्णांनी चाक बसवलं.

डिसेंबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलाच गारठा पडला होता. नंदीच्या मागच्या अंगाला खडकाळ पायवाट आहे, तिकडे ती दोघं गेली. एका ठिकाणी दीड वीत उंचीची दगडी पायरी चढायची होती. सिद्धी म्हणाली, मी उतरून सायकल उचलून घेते. शंतनु वर उभा राहून म्हणाला, "काही नाही गं, पॅडलवर उभी राहा आणि जोर लाव. जमेल तुला." तिने उभं राहून सगळा भार पॅडलवर टाकला. पॅडल एकदम रिकामं खाली गेलं. ती हँडलवरून पुढे फेकली गेली आणि बाजूच्या खडकांवर पाठीवर पडली.

अण्णांना हे चौथ्या दिवशी त्या सोसायटीतल्या दुसऱ्या सायकलवाल्याकडून कळलं. कण्याला मार आहे, ऑपरेशन झालं, एवढंच तो म्हणाला. वसुमतीकाकू दवाखान्यात जाऊन बघून आल्या. आल्यावर आधी त्यांनी पाय धुतले. मग म्हणाल्या, "पाय हलत नाहीत हो तिचे."

शंतनु फेब्रुवारीत दुकानात आला. सिद्धीची सायकल गाडीतून आणली होती. दाढी वाढली होती. तो स्टुलावर बसला.

"डॉक्टर काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"आधी म्हणत होते वाट बघू. आता व्हीलचेअर कशी वापरायची ते शिकवतायत." त्याने सायकलकडे बोट दाखवलं. "ही घरात समोर दिसते ना, म्हणून घेऊन आलो. टाकून देऊ म्हटलं तर ती नको म्हणते. तुमच्याकडे राहू दे."

"राहू दे की."

"मी तिला त्या पायरीवर चढायला लावलं, अण्णा. ती नको म्हणत होती." तो स्टुलावरच सायकलकडे पाठ करून बसला. "ती म्हणते माझा पाय निसटला, मी घाबरले. माझं मन राखायला म्हणते. रोज तेच. माझीच चूक, माझीच चूक. दोघं एकमेकांना हेच सांगत बसतो."

अण्णा काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात तो उठून निघून गेला.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि हब उघडला. आत ग्रीस थंडीने घट्ट होऊन मेणासारखं बसलेलं होतं. दोन खटके त्यात पार रुतलेले होते, बोटाने उचलले तरी वर येईनात. उरलेल्या दोहोंवर सगळा भार आला होता. त्यांतल्या एकाचं टोक तुटलं होतं आणि कडीचे तीन दात झिजून सपाट झाले होते. सिद्धीचा पाय निसटला नव्हता. ती घाबरलीही नव्हती.

वसुमतीकाकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते तो हब हातात घेऊन बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. कानाच्या डॉक्टरांच्या कागदाचंही सांगितलं.

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "तो कागद मी कधीच वाचलाय. मी हाक मारली की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." त्या खाली बसल्या. "मी बोलायला पाहिजे होतं."

"तू यात येऊ नकोस," अण्णा म्हणाले. "आता तूही सुरू करू नकोस."

पंधरा दिवस ते गेले नाहीत. रोज सकाळी शर्ट घालत आणि पुन्हा दुकानातच बसत. कोणी विचारणार नव्हतं, कोणी हब उघडून बघणार नव्हतं. गप्प बसलं असतं तर सगळं तसंच राहिलं असतं. पण त्या घरात दोन माणसं रोज एकमेकांची माफी मागत होती, आणि त्या दोघांचीही चूक नव्हती. हे काही त्यांना गिळवेना.

सोळाव्या दिवशी ते गेले. दार शंतनुने उघडलं. सिद्धी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल होती. केस कापले होते. अण्णांना बघून ती हसली, आणि ते हसू त्यांना सहन झालं नाही. उभ्यानेच त्यांनी सांगायला सुरुवात केली. तुटलेला खटका कागदात बांधून आणला होता, तो टेबलावर ठेवला. ग्रीस किती भरलं, काय तपासायचं राहिलं, का राहिलं, सगळं सांगितलं.

शंतनुने तो तुकडा उचलून पाहिला. "तुम्हाला ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"तेव्हा आठ महिने झाले होते."

"आणि तरी तुम्ही आमच्यासमोर चाक फिरवून डोळे मिटून..." त्याने तुकडा टेबलावर टाकला. तो गॅलरीत निघून गेला.

सिद्धीने मांडीवरची शाल सारखी केली. मग हळू बोलायला लागली. अण्णांना ओठांवरून काही शब्द कळले, काही निसटले. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने आवाज चढवला. तिने त्यांच्यासाठी आवाज चढवला, याचंही त्यांना मरणाहून वाईट वाटलं.

"मी म्हटलं, तीन महिने मला वाटत होतं की मी भित्री आहे म्हणून पडले. अण्णा, मी रोज ती पायरी मनातल्या मनात चढते. नीट चढते. एकदासुद्धा पडत नाही."

"तू बरोबरच चढली होतीस, अम्मा."

"हो. आता कळलं." तिचे डोळे कोरडेच होते. "मला वाटायचं, कोणाची चूक ते कळलं तर जरा सुटल्यासारखं होईल. काहीच होत नाहीये. तुमच्यावर ओरडायला तरी यायला पाहिजे ना मला? तेही येत नाही. तुम्ही जा आता. प्लीज."

संध्याकाळी शंतनुचा मेसेज आला. एकच ओळ होती: पुन्हा येऊ नका.

अण्णांनी दुकान बंद केलं. दुरुस्तीला आलेल्या सहा सायकली होत्या, त्या एकेका गिऱ्हाइकाला घरी नेऊन दिल्या आणि प्रत्येकाला खरं कारण सांगितलं. कोणी नुसतं ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, "असं कोणाकडूनही होतं, अण्णा. मनाला लावून घेऊ नका. निदान ब्रेक तेवढे बघा." त्यांनी हात मागे घेतले.

एप्रिलमध्ये, नको म्हटलेलं असूनही, ते त्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेले. वर जायचं नव्हतं, नुसतं कसं चाललंय ते विचारायचं होतं. वॉचमनने वहीत पाहून कन्नडमध्ये सांगितलं की त्या फ्लॅटमधले लोक गेल्या आठवड्यात पुण्याला गेले, कायमचे. पत्ता त्याच्याकडे नव्हता. अण्णांनी मान हलवली आणि भर उन्हात चालत घरी आले.

काकूंनी ताट वाढलं. त्या समोर बसल्या म्हणून ते जेवले.

"एकदा पुण्याला जाऊन येऊ या का?" काकूंनी विचारलं. "शोधलं तर सापडतील."

"आणि जाऊन काय करू?" अण्णा म्हणाले.

काकूंनी त्यांच्या पानात थोडा भात वाढला.