डावा पीळ

त्या दिवशी स्वयंपाकघरात व्हिनेगर आणि लवंगांचा वास कोंदला होता. खिडकी उघडायची सोय नव्हती. वाऱ्यानं आईच्या मांडीवरची लोकर उडायची. आई पायानं चालवायच्या चरख्यावर बसली होती, शीना टोमॅटोच्या सॉसपाशी उभी होती. हा सॉस टाकून कुठं जाता येत नाही. नजर हलली की बुडाला लागतो आणि सगळं पातेलं वाया जातं.

हॅलिफॅक्स शहरातल्या एका ग्रंथालयात शीनाला नोकरी मिळाली होती. होकार तेवढा कळवायचा राहिला होता. आईला आज सांगायचंच, असं तिनं सकाळी सॉससाठी सफरचंदं चिरताना ठरवलं होतं.

तेवढ्यात शेजारचा रॉडीकाका रिकाम्या बरण्या वाजवत आला.

"अजून पातेल्यापाशीच का गं पोरी? चाळिशी आली! शहरात जा की. एखादा नवरा तरी भेटेल."

"तुझ्यासारखा?" आई म्हणाली. "त्यापेक्षा पातेलं बरं." मग धाग्यावरची नजर न काढता म्हणाली, "शीनाला इथंच आवडतं."

काकानं शीनाकडे पाहिलं. शीनानं लाकडी डाव बुडाशी खरवडून फिरवला.

"बरण्या टेबलावर ठेव, काका."

संध्याकाळी आईनं भरलेलं रीळ काढून ठेवलं. "माझा धागा झाला. दुसरा उद्या तू कात. चाक उजवीकडे फिरव हं. डावीकडे फक्त दोन्ही एकत्र पिळताना. नाहीतर बसशील पुस्तकाच्या तंद्रीत उलटं फिरवत."

"माहितीये गं आई. लहानपणापासून ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

दफन झालं, पाहुणे परतले. ग्रंथालयानं मुदत वाढवून दिली. आता अडवणारं कुणी नव्हतं, तरी शीनाचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. दुसरा धागा तेवढा पुरा करू, मग बघू, असं ती रोज म्हणायची. टोमॅटो वेलीवर पिकून फुटायला लागले, म्हणून सॉसही चढवला. चरखा तिनं चुलीजवळ ओढून घेतला. चार फेरे सूत, मग उठून पातेलं ढवळायचं, मग पुन्हा सूत. खिडकी बंदच होती.

धागा पुरा झाला, तशी दोन्ही रिळं लावून ती चाक डावीकडे फिरवत पिळायला बसली. वीतभर पुढं गेल्यावर तिचा हात थांबला. आईचा धागा मऊ, सैल होत होता. तिचा स्वतःचा मात्र वाढत्या पिळानं आखडून वेटोळी घालत होता. तिनं तो बोटांत धरून पाहिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत डावीकडे कातलेला. इतके दिवस पाय उलटा चालला होता आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बसला ना गुंता?" रॉडीकाका दारातून म्हणाला. हातात बरण्या होत्या. "येईल हळूहळू. चरखा आता तुझाच, घरही तुझंच. तुझी आई म्हणायचीच की, शीनाला इथंच आवडतं."

पातेल्यातून करपल्याचा वास आला. काका तिकडं धावला. शीना जागची हलली नाही. दोन्ही धागे तिच्या बोटांत ताणलेले होते.

"नाही आवडत, आई," ती मोठ्यानं म्हणाली. "कधीच नाही आवडलं. मला जायचंय."