आज मोजू नका

सोमवार, सकाळी सव्वानऊ. फोन.

"आई, आज मोजणी नको. शनिवारी सूर्यावर मोठा उद्रेक झालाय. त्यातून निघालेला लोट साडेदहाच्या सुमारास पृथ्वीवर येईल. जीपीएसचे आकडे हलतील."

"नक्की?"

"पंचाहत्तर टक्के."

शर्मिला सूर्यावर पहारा ठेवणाऱ्या केंद्रात अंदाज वर्तवते. आजच्या इशाऱ्याखाली पहिल्यांदाच तिची एकटीची सही.

दासगाव. सावित्रीकाठचं शेत.

पुरानं बांध नेला, हद्दीचा दगडही नेला. तेव्हापासून ललिता आणि शेजारचा पांडू यांचं भांडण. शेवटी दोघांनी मिळून महाडच्या सुहास सर्व्हेअरला बोलावलं. तो दाखवील तिथं खुंटी, खुंटीवर बांध. लिहून ठरलंय.

ललितानं लेकीचा निरोप सांगितला.

"काकी, सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब," सुहास काठीवर जीपीएसचं यंत्र बसवत हसला. "आपलं शेत इथं."

"पंचवीस टक्के कुठं ठेवलेत वैनी?" पांडू म्हणाला. "का पोरगी हापिसात बसून आमची मोजणी बंद करणार?"

साडेदहा. काही नाही.

पावणेअकरा. काही नाही. पांडू आभाळाकडं बघून मुद्दाम जांभई देतो.

अकरा वाजून दहा मिनिटं. सुहासनं काठी रोवली, आकडा बघितला, पांडूच्या बाजूला सरकला. आणखी सरकला.

"हद्द इथं."

दोन हात. ललिता सध्या कसत होती त्यापेक्षा दोन हात जागा वाढली होती.

पांडूचा चेहरा पडला. ललिताच्या मनात आलं—

नाही, ते लिहीत नाही. आलं होतं, एवढंच.

"सुहास," ती म्हणाली, "काठी परत लाव."

"काकी, तुमच्याच फायद्याचं हाय!"

"लाव रे. माझी पोर म्हणते आकडे हलतील. मंग हा आकडा मी कसा घेऊ?"

पाच मिनिटांनी आकडा एक हात सरकला. आणखी पाच मिनिटांनी भलतीकडेच. सुहासनं यंत्र बंद करून चालू केलं, काठी पुसली, टोपी काढली.

"असं कधी झालं नाय."

"परवा या," ललिता म्हणाली. "सूर्याचं वादळ निवतंय तवर."

त्याच वेळी, केंद्रात:

वादळ चाळीस मिनिटं उशिरा पोचलं. पृथ्वीचं चुंबकीय बळ घसरताना पडद्यावर दिसत होतं. शर्मिलानं आपल्या इशाऱ्याखाली लिहिलं, 'वेळ चुकली.' पुसलं नाही.

बुधवार.

काठी तीनदा रोवली, तिन्ही वेळा आकडा तोच. हद्द जुन्याच जागी. वाढलेले दोन हात गेले. पांडूनं खुंटी ठोकली. ठोकताना तो ललिताकडं बघत नव्हता.

शर्मिलाचा फोन आला.

"आई, किती गेली जागा?"

"दोन हात. पण तुझा अंदाज गेला नाय!" ललितानं आवाज चढवला, पलीकडच्या बांधावर भारा बांधणाऱ्या बायकांनाही ऐकू जावा इतका. मग तिनं फोन पांडूसमोर धरला. "बोला भावजी. पंचवीस टक्क्यांचं इचारत होता ना?"

पांडूनं हात लुंगीला पुसले. फोन कानाला लावला.

"म्याडम," तो म्हणाला. घसा खाकरला. "पुढल्या म्हयन्यात घराची मोजणी हाय. कोणता दिवस धरू?"

ललिता कमरेवर हात ठेवून उभी होती. आपल्या तेवढ्याच जमिनीत.