बाईंची पट्टी

जयमालाताईंनी गाणं सोडलं ते एका कॅसेटपायी. त्यांच्या गुरू, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, पनवेलच्या बैठकीत हमीर राग गायल्या. मुलगा केयूर तेव्हा दहा दिवसांचा, त्यामुळे जयमालाताईंना जाता आलं नाही. महिन्याभरात बाई गेल्या. उरलं ते रेकॉर्डिंग. त्यातल्या ताना गळ्यात बसवायला त्या दोन वर्षं झटल्या, पण गळा तेवढा पळेना. मग "आपला वकूब नाही" म्हणत तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि शाळेत गणित शिकवत राहिल्या.

याला अडतीस वर्षं झाली. खारघरच्या घरात आता केयूरची बायको क्षिप्रा आहे. ती पावणे एमआयडीसीतल्या एका स्टुडिओत साउंड बघते. सासूबाईंच्या वाढदिवसाला तिनं ती कॅसेट साफ करून आणली.

जयमालाताईंनी डोळे मिटून ऐकलं. "खरखर गेली गं. पण तंबोऱ्याची जवारी, तारांची ती गुंजही गेली. बाई फोनवरून गातायत असं वाटतं."

क्षिप्रा हिरमुसली, पण पुन्हा मूळ टेप घेऊन बसली. रविवारी जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, "आई, बाईंची पट्टी कुठली?"

"पेटीची काळी चार. त्या दिवशीच तेवढी वरची, काळी पाच घेतलेली. अंगात आलं होतं त्यांच्या."

"नव्हती घेतली. टेप जोरात पळतेय. मागे विजेची घूं ऐकू येते ना, तिचा सूर ठरलेला असतो. इथं तोही चढलाय, बरोबर तेवढाच."

तिनं वेग उतरवून लावलं. खरखर या वेळी तशीच ठेवली होती. आवाज खाली आला, रुंद झाला. तानेतला एकेक स्वर सुटा दिसू लागला.

"ह्याच बाई," जयमालाताई म्हणाल्या. मग हसत डोळे पुसले. "म्हणजे मी टेपच्या मोटरच्या मागे धावत होते होय गं?"

"राग आला?"

"कुणाचा येऊ? लाव परत."

टेपबरोबर गाताना पहिल्यांदा जयमालाताईंचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा दम पुरला नाही. तिसऱ्यांदा मात्र त्या बाईंच्या बरोबरीनं समेवर आल्या आणि क्षिप्राच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी केयूरला तंबोऱ्याच्या तारा आणायला पिटाळण्यात आलं. क्षिप्रालाही ताकीद मिळाली, सकाळी सात ते आठ मिक्सर लावायचा नाही.