ओव्हनमधली फिल्म

शेंद्र्याच्या कारखान्यात अदीबा ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी होती. आत तिनंच दोन प्लास्टिकं मिसळून बनवलेल्या मिश्रणाची पारदर्शक फिल्म चाचणीसाठी तापत होती. बाहेर त्याच मालानं भरलेली गाडी खोळंबली होती. हा माल पास झाला, तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

"स्वतःच्याच मालावर संशय? लई झालं मॅडम, सही करा," मागून मॅनेजर विश्वजीत सर म्हणाले.

"सर, यातल्या एका पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, रेणूंच्या साखळ्या ताठ आहेत, दुसऱ्याच्या लवचीक. झटकन गार केल्यामुळं त्या एकमेकांत अडकून पडल्यात. उन्हात ऊब मिळाली की ताठ साखळ्या एकीकडं जमतील, लवचीक बाजूला पडतील, आणि फिल्म पांढुरकी होईल."

"जमतील की जमल्या?"

"अजून नाहीत."

ओव्हन आत्ताच बंद केला, तर फिल्म स्वच्छच निघणार होती. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तेवढ्यात फिल्मच्या कडेला सायीसारखा पांढुरका डाग उमटला आणि आत सरकू लागला. सरांना तो त्यांच्या जागेवरून दिसत नव्हता.

"काय, आहे ना स्वच्छ?"

"नाय सर," अदीबा बटणावरून हात काढत म्हणाली. "मिश्रण फाटलंय. माल उतरवून घ्या."